मोठ्या सिस्टरांची नक्कल

प्रसूतीच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांच्या कानाचा दबदबा होता. लोकांना वाटतं, नर्सचं सगळं काम हाताचं. असेलही. पण या बाईचा खरा भरवसा कानावर. ड्युटीच्या खोलीत दाराकडे पाठ करून, चहाचा कप तोंडाला लावलेला असताना त्या म्हणायच्या, खिडकीजवळचीला टेबलावर घ्या. आणि खिडकीजवळची खरंच टेबलावर घ्यायच्या बेताला आलेली असायची. नवे डॉक्टर यावर हसायचे, एकदोनदा तोंडघशी पडले की हसायचे थांबायचे. कण्हणं कुठलं, कुंथणं कुठलं, नुसत्या भीतीचं ओरडणं कुठलं आणि खरंच काही बिनसलंय असं ओरडणं कुठलं, हे त्यांना भिंतीआडून कळायचं. अशी बाई वॉर्डात असली की डॉक्टर निवांत जेवतात, आणि जेवायचेही.

आता या शहराचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शहराच्या मधून कालवा जातो. अलीकडे दवाखाना, कचेऱ्या, जुनी वस्ती. पलीकडे, कालवा खोदायला ज्यांना आणलं त्यांची घरं. कालवा खोदून झाला, त्यात पाणी आलं, गाळ साठला, तो दोनदा उपसूनही झाला, तरी त्या माणसांच्या नातवंडांना अजून 'आलेली माणसं' म्हणतात. आली म्हणजे काय, काल संध्याकाळी आली? पण म्हणायची पद्धत. अलीकडच्यांच्या मते पलीकडचं सगळंच मोठ्यांदा. बोलणं मोठ्यांदा, हसणं मोठ्यांदा, भांडण तर विचारूच नका, आणि रडणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं छप्पर आलं खाली. आत मात्र काही नाही, नुसता आवाज. असं अलीकडे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि पूल ओलांडून खात्री करायला कोणी जात नाही.

तर सिस्टरांच्या कानातही एक वजावट बसलेली होती. नवी मुलगी ड्युटीवर आली की त्या तिला पहिल्याच आठवड्यात शिकवायच्या: अलीकडची ओरडली तर हातातलं टाकून पळायचं, पलीकडची ओरडली तर हातातलं संपवून जायचं. तिकडच्या बायका पहिल्याच कळेला शेवटची कळ असल्यासारख्या ओरडतात, निम्मं वजा करून ऐकायचं. मुली मान डोलवायच्या. सिस्टरांना हे त्यांच्या वेळच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवलेलं, आणि त्यांना आणखी कोणी. बहुतेक वेळा निभावून जायचं. बाळंतपण आपलं आपणच बहुतेक वेळा निभावतं, त्यामुळे चुकीचा नियमही वर्षानुवर्षं बरोबर असल्यासारखा दिसत राहतो. ज्या एखादीचं निभावलं नाही, तिच्यासाठी वॉर्डात सगळे हळहळायचे आणि म्हणायचे, आणलीच उशिरा.

बाई वाईट होती म्हणाल तर मुळीच नाही. उगाच कोणाला वाईट ठरवलं की गोष्ट सोपी होते आणि खोटीही होते. पलीकडच्या बाळंतिणीकडून चिरीमिरी उकळणाऱ्या कामवालीला सिस्टरांनी सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं होतं की ती पुन्हा त्या खाटांकडे फिरकली नाही. ज्या पोराला अंगावर घालायला काही आणलेलं नसायचं, त्याला त्या घरून मऊ धुतलेली जुनी कापडं आणायच्या, आणि ते कुठल्या काठाचं आहे हे विचारायच्या नाहीत. माझ्या वॉर्डात भेदभाव नाही, असं त्या म्हणायच्या आणि मनापासून म्हणायच्या. त्यांना कोणी सांगितलं असतं की बाई, तुमचा कान भेदभाव करतो, तर त्यांना खरंच कळलं नसतं की हा माणूस काय बोलतोय.

आणि त्यांच्याकडे आणखी एक कला होती. नक्कल. लहानपणापासूनच. शाळेत मास्तरीणबाईंची चाल, शेजारच्या काकांची खोकल्याची उबळ, अशी हुबेहूब करायच्या की मार खाऊनही पुन्हा करायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा पदरात, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. अशा बाईला घरी आल्यावर हसायला काहीतरी हवंच की. धाकटी बहीण जवळच राहायची. ती आली की पहिली फर्माईश ठरलेली, "ताई, ती पलीकडची कर ना."

मग सिस्टर टॉवेल खांद्यावर टाकायच्या, खुर्चीत फतकल मारायच्या, खुर्चीचे हात घट्ट धरायच्या आणि सुरू. अगं आई गं, मेले गं, धरा गं मला, कुठं गेला तो मेला, त्याला आणा इथे, मी चालले गं. डोळे पांढरे, मान एका बाजूला, आवाज असा की शेजारचे दार उघडून बघायचे. आणि ऐन भरात मध्येच थांबून एकदम साध्या आवाजात विचारायच्या, "चहा आला का गं?" आणि पुन्हा सूर लावायच्या. इथे बहीण पोट धरून लोळायची. सगळी गंमत त्या चहात होती. चहा नसता तर ती नुसती ओरडणारी बाई झाली असती, आणि ओरडणाऱ्या बाईला कोण हसतं? चहामुळे कळायचं की हिला काही दुखत नाहीये.

सिस्टरांचा मुलगा वायरमन. एकदा तो पलीकडच्या बालवाडीत पंखे बसवायला गेला. शिडीवर चढून छताला भोक पाडत होता, तेवढ्यात खालून कोणीतरी असं हसलं की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. बालवाडीतली बाई होती. पोरांनी काहीतरी केलं होतं आणि ती खळखळून, डोकं मागे टाकून, कशाचीही पर्वा न करता हसत होती. मुलाने त्या बालवाडीतले पंखे पुढे कितीतरी वेळा तपासले. चांगले पंखे होते, बिघडतच नव्हते, तरी तपासले.

घरी सांगितलं तेव्हा मावशीने आकांडतांडव केलं. पूल ओलांडून सून? लोक काय म्हणतील, घरात ओरडाआरडा सुरू होईल, कोणाला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. सिस्टर मात्र ठाम राहिल्या. वॉर्डात जे करत नाही ते घरात कसं करू, म्हणाल्या. मुलीला बघून आल्या, तिच्या आईच्या हातचा चहा प्यायल्या, आणि लग्न लावून दिलं. सून घरात आली तेव्हा त्यांनी तिला आपल्या खोलीतलं चांगलं कपाट रिकामं करून दिलं. आणि महिन्याभराने, पोरगी घरात रुळली असं वाटल्यावर, तिच्या पाठीवर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुझ्यात पलीकडचं काही दिसतच नाही बघ."

सून हसली. हळूच, ओठ मिटून. ते शब्द सिस्टरांनी बक्षीस म्हणून दिले होते आणि तिने ते तसेच घेतले. पण मिळालेलं बक्षीस सांभाळावं लागतं. ती दार लावताना कडी वाजू देईना. भांडं पडलं तर आधी दचकून सासूकडे बघायची. फोनवर आईशी बोलायची ती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. नवऱ्याने एकदा विचारलं, पूर्वीसारखी हसत का नाहीस? तर म्हणाली, हसते की. तो वायरमन माणूस. करंट आहे की नाही एवढं बघतो, दिवा मंद का जळतोय याची चौकशी त्याला फारशी सुचत नाही. त्याने विषय सोडून दिला.

सुनेला दिवस गेले तेव्हा घराला नवी पालवी फुटल्यासारखं झालं. हजारो बाळं या हातांवर घेतलेली बाई, पण घरात एक येणार म्हटल्यावर वेडीपिशी झाली. रोज संध्याकाळी सुनेला आडवं करून पोटावर हात फिरवायची, डोकं कुठे, पाय कुठे ते सांगायची, कान लावून ठोके ऐकायची. बाळाचे ठोके सगळ्यात आधी आजीच ऐकते या घरात, असं वॉर्डभर सांगून झालं. दुपट्यांचा ढीग लागला. मुलगी होईल असं त्यांचं मत होतं, आणि मुलगीच हवी होती त्यांना. सुनेला यातलं सगळं आवडायचं. त्या संध्याकाळच्या वेळी दोघी खरोखरच मायलेकींसारख्या असायच्या, हेही खरं आहे आणि सांगायला हवं.

त्याच दिवसांत एका सुट्टीच्या दुपारी बहीण आली. सून स्वयंपाकघरात होती. बहिणीने नेहमीची फर्माईश केली. सिस्टरांनी आधी डोळ्यांनी खुणावलं, नको, आहे ती घरात. बहीण म्हणाली, ती काय आता तिकडची राहिलीय? तुझीच झाली की. हे ऐकून सिस्टरांना बरं वाटलं. आणि कलाकाराला आग्रह मोडवत नाही. टॉवेल खांद्यावर गेला.

ऐन भरात सून ट्रे घेऊन दारात उभी राहिली. सिस्टरांच्या तोंडात "मेले गं" अर्धवट राहिलं. बहिणीने जीभ चावली. ट्रेमधला चमचा तेवढा किणकिणला. सिस्टरांचा चेहरा पडला. चुकलंच आपलं, असं त्यांना तेव्हा खरंच वाटलं होतं. त्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात सून हसली. म्हणाली, "आई, चहा आलाय बरं का."

काय टाळी पडली म्हणता! बहीण तर खुर्चीतून घसरली. काय हजरजबाबी सून आहे, ताई, नशीब काढलंस. सिस्टरांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्यांनी सुनेला जवळ ओढून तिचा गालगुच्चा घेतला. तिला वाईट वाटलं नाही, ती आपल्यातलीच झालीय, आता लपवाछपवी नको, असं त्यांनी त्या दुपारी मनाशी पक्कं केलं. त्यानंतर नक्कल सुनेदेखत होऊ लागली. "चहा आला का गं" म्हणून त्या थांबायच्या आणि सुनेने आतून "आला, आला" म्हणायचं, अशी नवी भर पडली. सून दर वेळी म्हणायची, एकदाही चुकली नाही.

आठवा महिना सरत आला होता. सिस्टरांची सुट्टी होती. मुलगा दुसऱ्या शहरात एका गोदामाचं वायरिंग करायला गेलेला. सकाळी सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मध्येच ती तारेला धरून उभी राहिली. सिस्टरांनी बघितलं आणि विचारलं. पाठ भरून आलीय, म्हणाली. थांबून थांबून येतं का? नाही, सलगच आहे थोडं. थोडं म्हणजे किती? थोडंच आई.

सलग. हा शब्द वॉर्डात कोणी उच्चारला असता तर सिस्टर ताडकन उठल्या असत्या. कळा येतात आणि जातात, बाईला श्वास घेऊ देतात. जे दुखणं थांबतच नाही ते चांगलं दुखणं नव्हे, हे त्यांनी किती मुलींना घोकून घेतलं असेल. पण शब्द ऐकले ते कानाने, आणि कानाने शब्दांपेक्षा आवाज ऐकला. आवाज सपाट होता, शांत, किंचित हसरा. असल्या आवाजाच्या बाईला त्यांनी आजवर घरी पाठवलं होतं, जा, उद्या ये म्हणून. आवाजात वजा करायलासुद्धा काही नव्हतं. त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून दिली, पड जरा म्हणाल्या, आणि डाळ निवडायला बसल्या.

दुपारी बहिणीचा फोन आला. सिस्टर बाहेरच्या खोलीत, सून आतल्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. बहिणीने चौकशी केली. सिस्टरांनी सांगितलं की पाठ दुखतेय पोरीची सकाळपासून, पण बघ, हूं नाही की चूं नाही. बहीण म्हणाली, कमाल आहे, तिकडची असून? सिस्टर अभिमानाने हसल्या. म्हणाल्या, "वळण लावावं लागतं. इतके दिवस माझ्या हाताखाली आहे, उगाच नाही. आमच्या अलीकडच्यांपैकी कोणी इतकं सोसणार नाही."

पडद्याआड सुनेने हे ऐकलं. ऐकलंच असणार, पडदा तो काय.

दुपार उतरली तरी ती बाहेर आली नाही तेव्हा सिस्टर चहा घेऊन आत गेल्या. सून भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. हाक मारली तर हूं म्हणाली. कपाळाला हात लावला तर घामाने थबथबलेलं आणि गार. ओठ पांढरे. टॉवेलचं एक टोक तिच्या तोंडात होतं, त्याच्या तिने चावून चावून चिंध्या केल्या होत्या. सिस्टरांनी चहा कुठे ठेवला, सांडला की काय केलं, ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. पोटावर हात ठेवला. रोज संध्याकाळी ज्या पोटात डोकं कुठे नि पाय कुठे शोधायच्या, ते पोट फळीसारखं कडक झालं होतं. कान लावला. ठोके नव्हते. पुन्हा लावला, जागा बदलून लावला, तिसऱ्या जागी लावला.

वार बाळाच्या आधीच आतल्या आत सुटली होती. रक्त बाहेर एक थेंब नाही, सगळं आत साठलेलं. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत सून बेशुद्ध झाली. ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या चढल्या, सून कशीबशी वाचली. मुलगी होती. पूर्ण भरलेली, डोक्यावर केस असलेली. सिस्टरांनीच तिला पुसली आणि घरून आणलेल्या दुपट्यात गुंडाळली.

डॉक्टर हात धूत होते. चांगला माणूस, सिस्टरांना मानणारा. त्याने नुसतं कामाचं म्हणून विचारलं, केव्हापासून दुखत होतं? सकाळपासून, सिस्टर म्हणाल्या. तो वळला. "सकाळपासून? सिस्टर, हे दुखणं असं असतं की बाई घर डोक्यावर घेते. ओरडली नाही ती?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

मग हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला. मुलगा रात्रीची गाडी पकडून आला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, तू घरात होतीस ना? आणि सिस्टरांनी त्याला सांगितलं, तिने सांगितलंच नाही रे. ते खोटं नव्हतं. वॉर्डातल्या मुलींना हेच सांगितलं, शेजारणींना हेच सांगितलं. सांगता सांगता ते वाक्य घासून गुळगुळीत झालं आणि त्याच्यावरून सगळं घसरून जाऊ लागलं. बहीण भेटायला आली, डोळे पुसले, ताईला कुशीत घेतलं, आणि म्हणाली, बोलू नये अशा वेळी, पण ही माणसं आतल्या गाठीचीच. कळू देतात का काही मनातलं? तुझी सोन्यासारखी नात गेली त्यापायी.

वा रे वा! कालपर्यंत जी माणसं आवाजाशिवाय दुसरं काही नव्हती, ती आज आतल्या गाठीची झाली. ओरडली तर नाटकी, गप्प बसली तर लबाड. माणसाने जायचं कुठे? पण हे आपण म्हणतोय. सिस्टरांच्या हे लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खरं सांगायचं तर बहिणीच्या बोलण्याने त्यांना थोडा आधारच वाटला. दुखावलेल्या माणसाला आपलं माणूस जे देईल ते तो घेतो, आणि त्या वेळी बहिणीकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

सून दवाखान्यातून थेट आईकडे गेली. जाताना सासूच्या पाया पडली, नवऱ्याला म्हणाली, बरं वाटलं की येते. बरं वाटायला किती दिवस लागतात? मुलगा कामावरून परस्पर पूल ओलांडून जायचा आणि उशिरा येऊन न जेवता झोपायचा. आईशी कामापुरतं बोलायचा. घरात दुपट्यांचा ढीग तसाच होता, त्याला हात लावायचं धाडस कोणालाच होत नव्हतं. सिस्टरांना आता झोप लागेना. वॉर्डात कोणी ओरडलं की त्या आता काठ न विचारता धावायच्या, हे मात्र सांगायला हवं. पण जाऊन उभ्या राहिल्या तरी त्यांना काही ऐकू आल्यासारखं वाटत नव्हतं. कान गेला माझा, असं त्या एकदा कामवालीला म्हणाल्या. नातीचं दुःख होतंच. पण त्याहून एक गोष्ट त्यांना आत कुरतडत होती. सून परत यायला हवी होती. ती परत आली, या घरात पुन्हा वावरू लागली, की ते वाक्य खरं ठरलं असतं: तिने सांगितलं नाही, आणि यात कोणाचा दोष नाही. ती आली नाही, तर मग दुसरंच काहीतरी खरं होतं.

म्हणून एका रविवारी त्या स्वतःच गेल्या. फळं घेतली, चांगले कपडे घातले. मुलगा येतो म्हणाला तर नको म्हणाल्या, आम्ही बायका बोलू. लग्नानंतर पूल ओलांडायची ही त्यांची पहिलीच वेळ.

विहीणबाई दारातच भेटल्या. जाडजूड बाई, ठणठणीत आवाजाची, हात पिठाने भरलेले. या, या विहीणबाई, अशी हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. सिस्टरांना खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या. चहा झाला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. झोपलीय, विहीणबाई म्हणाल्या, दिवसभर पडूनच असते. मग त्यांनी सिस्टरांचे किती उपकार मानू आणि किती नको असं केलं. पोरगी तुमच्याबद्दल वावगा शब्द काढत नाही. कपाट दिलंत, रोज पोट तपासलंत, पोटच्या मुलीसारखं बघितलंत, सगळं सांगितलंय तिने. आमच्याकडची पोर तिकडे दिली तेव्हा लोकांनी भीती घातली होती मला, पण मी आता सगळ्यांना सांगते, माणसं चांगली आहेत. हे बोलताना त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

मग विहीणबाई थांबल्या. त्यांचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"एक विचारू का? रागावू नका. तुम्ही यातल्या जाणत्या, म्हणून तुम्हालाच विचारते. माझी पोर लहानपणी साधं खरचटलं तरी गल्ली गोळा करायची. तिच्या वेळी मी एवढी ओरडले होते की माझा घसा आठवडाभर बसला होता. आमच्यात ओरडतात हो बायका, लाजत नाहीत. मग त्या दिवशी ही का नाही ओरडली?"

एवढं साधं विचारलं त्या बाईने. आरोप नव्हता, टोमणा नव्हता. डॉक्टरला उत्तर दिलं, मुलाला दिलं, सगळ्या जगाला दिलं, ते वाक्य सिस्टरांनी तोंडात जमवलं. तिने सांगितलं नाही. पण या बाईने ते विचारलंच नव्हतं. ती का नाही ओरडली, असं विचारलं होतं, आणि याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. तो टॉवेल तिच्या तोंडातून काढला त्या क्षणापासून ठाऊक होतं. सांगून टाकावं, हिचे पाय धरावेत, असं एकदा अगदी ओठांवर आलं.

"सोशिक आहे हो तुमची मुलगी," त्या म्हणाल्या. "फार सोशिक."

आतलं दार उघडलं. सून चौकटीला धरून उभी होती. झोपली नव्हती. केस विस्कटलेले, डोळे कोरडे, अंगात आईचा ढगळ झगा. तिने सासूला नीट, वेळ घेऊन बघितलं, जणू कोण आलंय ते आताच कळलं होतं.

"मी ओरडले असते," ती आईला म्हणाली, "तर यांनी मावशींना करून दाखवलं असतं."

विहीणबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. "काय करून दाखवलं असतं?"

"आपल्या बायका कशा ओरडतात ते. फार छान करतात या. सगळे हसतात. मीसुद्धा हसायचे." तिचा आवाज अजूनही तोच होता, सासरी कमावलेला, सपाट आणि हळू. "दाखवा ना आई. माझ्या आईने कधी बघितलं नाही."

सिस्टरांच्या हातातली पिशवी कलंडली आणि एक फळ जमिनीवरून घरंगळत गेलं. ते कोणी उचललं नाही. सून चौकटीतून हलली नाही. विहीणबाईंना वाटलं, काहीतरी गमतीचं असेल. इतक्या दिवसांनी पोर आपण होऊन कशाला तरी दाखवा म्हणतेय, तिचं मन रमणार असेल तर चांगलंच आहे. त्या ओल्या डोळ्यांनीच थोडं हसल्या.

"मग दाखवा की विहीणबाई," त्या म्हणाल्या, आणि हात पुसून सिस्टरांच्या समोर नीट मांडी घालून बसल्या.